काचेवरचं पटल : मॅगेनिन प्रकल्पाच्या नोंदी

७ एप्रिल २०२५

मॅगेनिनची वही आजपासून वेगळी केली. आधीच्या वहीत सगळंच एकत्र झालं होतं, आणि कुठला नमुना कधी बनवला ते शोधायला अर्धा तास जायचा.

विषय थोडक्यात. मायकेल झासलॉफ यांनी १९८७ मध्ये आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या कातडीतून मॅगेनिन हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, वेगळं केलं. बेडकाच्या पोटावर शस्त्रक्रिया करून त्याला पुन्हा गढूळ पाण्यात सोडलं तरी जखम चिघळत नाही, असं का, या प्रश्नातून ते सापडलं. मॅगेनिन-२ मध्ये २३ अमिनो आम्लं आहेत, त्यातली चार लायसिन, म्हणजे धनभारित. पाण्यात ते नुसतं सुटं, वळवळतं असतं. पेशीभोवतीच्या लिपिडच्या, म्हणजे तेलकट रेणूंच्या, पटलाला चिकटलं की त्याचं मळसूत्र होतं आणि एका अंगाला धनभारित, दुसऱ्या अंगाला तेलकट अशी त्याची विभागणी होते. जिवाणूच्या पटलावर ऋणभार जास्त असतो, म्हणून ते तिथं जाऊन बसतं आणि पटल फोडतं.

आमचा प्रश्न एवढाच आहे : बसताना ते कसं बसतं? पाण्यावर पडलेल्या ओंडक्यासारखं आडवं, की विहिरीतल्या खांबासारखं आरपार उभं? आणि पेप्टाइडचं प्रमाण वाढवलं की ते आपली बैठक बदलतं का? हे एनएमआरनं बघायचं, म्हणजे जोरदार चुंबकात ठेवलेल्या अणूंचे रेडिओ सिग्नल ऐकून.

पटल : पीओपीसी आणि पीओपीजी ही दोन लिपिडं, तीनास एक. ई. कोलाय जिवाणूच्या आतल्या पटलात पीसी (पीओपीसी ज्या जातीचं ते लिपिड) जवळजवळ नसतंच, पीई हे वेगळं लिपिड असतं, साधारण पाऊण भाग. मॅडम म्हणाल्या, "पीई पुढे बघू. पीसी काचेवर सरळ बसतं, आधी हात बसू दे." पटलं.

१६ एप्रिल

संश्लेषण झालं. १५ व्या जागेवरच्या अ‍ॅलनिनमध्ये नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचा जरा जड प्रकार, घातला आहे. फक्त तिथंच. निसर्गात नायट्रोजन-१५ चं प्रमाण ०.३७ टक्के असतं, त्यामुळे खूण केलेला एक अणू बाकी सगळ्यांवर मात करून ऐकू येतो. २३ पैकी एकाच जागेकडून उत्तर येणार आणि ते कुणाचं याबद्दल शंका उरणार नाही.

रेणूंचं वजन दाखवणाऱ्या मास स्पेक्ट्रममध्ये २४६८ च्या जवळ मुख्य शिखर, आणि १६ ने पुढे एक छोटं शिखर. २१ व्या जागेवरच्या मेथिओनिनला ऑक्सिजन चिकटलाय. शुद्धीकरणाच्या कॉलमवर पुन्हा चढवलं, ते वेगळं झालं. ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्लाचा क्षार जावा म्हणून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लातून तीनदा गोठवून सुकवलं. हाती आलं २२ मिलिग्रॅम.

२४ एप्रिल

काचा. आठ मिलिमीटर रुंदीच्या, कागदासारख्या पातळ पंचवीस काचा. ७५ मिलिग्रॅम लिपिडला पाच मिलिग्रॅम पेप्टाइड, म्हणजे पन्नास लिपिड रेणूंमागे एक पेप्टाइड. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये विरघळवून प्रत्येक काचेवर सारखं पसरवलं, सुकवलं, रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवलं.

सकाळी बाहेर काढून टेबलावर ठेवल्या. दहा मिनिटांत थरांवर बारीक भेगा. खोलीतल्या आर्द्रतामापकात सत्तावीस टक्के. पुण्याचा एप्रिल. दुपारी ओठ फुटतात तशी ही फिल्म फुटते. आपल्याला उन्हाळ्याची सवय असल्यामुळे हवा किती कोरडी आहे याचं भान राहत नाही, लिपिडला मात्र ते लगेच कळतं.

उपाय जुनाच आहे : बंद बरणी, तळाशी पोटॅशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण, वर जाळीवर काचा. असं द्रावण आपल्यावरची हवा सुमारे ९३ टक्के आर्द्रतेवर धरून ठेवतं. बाहेर एप्रिल असो की जुलै, बरणीतली हवा बदलत नाही. भेगा पडलेल्या काचा धुतल्या, लिपिड पुन्हा विरघळवलं, पुन्हा पसरवलं. यावेळी व्हॅक्यूममधून थेट बरणीत.

५ मे

दहा दिवसांनी बरणी उघडली. थर काचेसारखे पारदर्शक झालेत. काचा एकावर एक रचल्या, टेफ्लॉनच्या पट्टीनं बांधल्या, पॉलिथिनच्या पातळ कागदात गुंडाळल्या. कोरड्या वजनावर सुमारे वीस मिलिग्रॅम पाणी चढलंय, म्हणजे दर लिपिडमागे पाण्याचे दहा-अकरा रेणू. हा आकडा लिहून ठेवला हे फार बरं झालं असं पुढे वाटेल की नाही कोण जाणे, पण लिहून ठेवते.

एनएमआरचं यंत्र आमच्या इमारतीत नाही. पाषाणमधल्या एका संस्थेत ठरावीक दिवस मिळतात. ४०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ९.४ टेस्लाचं चुंबक. त्यात चपट्या कॉइलचा प्रोब, म्हणजे नमुना धरणारा भाग, ज्यात काचांची थप्पी चुंबकीय क्षेत्राला काटकोनात बसते आणि पटलाला लंब असलेली रेषा क्षेत्राच्या दिशेत येते.

आधी फॉस्फरस-३१. पेप्टाइडला खूण लागते, लिपिडला लागत नाही, कारण निसर्गातला फॉस्फरस सगळाच ३१ असतो आणि प्रत्येक लिपिडच्या डोक्यावर एक फॉस्फेट असतोच. पटल नीट रचलेलं असेल तर ३० पीपीएमच्या (रेषेची जागा मोजायचं एकक) आसपास एकच टोकदार रेष येते. न रचलेला भाग उणे १५ च्या बाजूला उभा राहतो. लिपिडचे छोटे गोळे तरंगत असतील तर शून्याजवळ.

आमची रेष : २९. उणे १५ वर अगदी हलकीशी उंचवट्याची खूण, क्षेत्रफळ काढलं तर सातआठ टक्के. शून्यावर काही नाही. यंत्र सांभाळणारे काका मागून बघत होते. म्हणाले, "पहिल्याच नमुन्याला असं येत नाही बरं. जपून ठेव."

९ मे

नायट्रोजनची तयारी. नायट्रोजन-१५ घातलेलं अमोनियम क्लोराइड बसवून शिफ्ट, म्हणजे रेषेची जागा, जुळवली, ४० च्या जवळ. मग हायड्रोजन आणि नायट्रोजन यांचे स्पंद जुळवले, म्हणजे हायड्रोजनचं चुंबकत्व नायट्रोजनकडे वळतं. या क्रॉस पोलरायझेशनने सिग्नल जास्तीत जास्त दहापट होतो. आमच्याकडे दोन मायक्रोमोलसुद्धा पेप्टाइड नाही, त्यामुळे ही दहापट म्हणजे दोन दिवस आणि दोनशे दिवस यांच्यातला फरक आहे. सिग्नल दहापट झाला की वेळ शंभरपटीनं वाचतो.

ज्युनियरने विचारलं, सॉलिड-स्टेट एनएमआर म्हणजे नमुना ५४.७४ अंशांत कलवून गरगर फिरवतात ना, मग आपण का नाही फिरवत? चांगला प्रश्न. फिरवल्यावर रेषा बारीक होतात, कारण रेणू कुठल्या दिशेला तोंड करून बसलाय याचा परिणाम पुसला जातो. आम्हाला तर तीच दिशा हवी आहे. म्हणून नमुना स्थिर.

नायट्रोजनची गंमत इथं आहे. पेप्टाइडच्या कण्यातला नायट्रोजन कुठल्या बाजूनं क्षेत्राकडे बघतो त्यावर त्याची शिफ्ट साधारण ६० पासून २२० पर्यंत कुठंही पडू शकते. मळसूत्रात नायट्रोजन-हायड्रोजन बंध अक्षाच्या जवळपास दिशेनं असतात. म्हणून मळसूत्र पटलात उभं असेल तर २०० च्या आसपास, आडवं असेल तर १०० च्या खाली. एक रेष, आणि ती डावीकडे आहे की उजवीकडे यावर उत्तर.

हे शिकवताना मला दरवेळी भौतिकशास्त्रज्ञ श्रीनिवास धर्मट्टी आठवतात. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला आर्नल्ड आणि पॅकार्ड यांच्याबरोबर त्यांनी साध्या इथेनॉलचे तीन वेगळे सिग्नल दाखवले. एकाच रेणूतले हायड्रोजन वेगवेगळ्या जागी वेगवेगळं बोलतात हे तिथं उघड दिसलं. पुढे ते मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले. आम्ही आज ज्याला 'शिफ्ट' म्हणतो ती आमच्या इतक्या जवळच्या माणसानं पाहिली होती, ही गोष्ट आमच्या वर्गात कुणीच सांगितली नव्हती. मी सांगते.

१६ मे

चव्वेचाळीस तास, चाळीस हजारांच्या आसपास स्कॅन, ३७ अंश सेल्सिअस. सकाळी सहाला स्क्रीनसमोर.

८२ वर रेष. आणि तिच्या उजव्या-डाव्या कुठल्याही गोंगाटात न बसणारा एक रुंद उंचवटा, १५० ते २१० च्या दरम्यान.

माझे हात थरथरत होते. बहुतेक पेप्टाइड आडवं, आणि काही भाग उभा? एकास पन्नास इतक्या कमी प्रमाणातच? झोपले नाही. दुपारी आलेख काढले, स्लाइड तयार केली.

२० मे

ग्रुप मीटिंग. स्लाइड दाखवली. सगळे गप्प झाले, मग दोघांनी प्रश्न विचारले, चांगले. मॅडम शेवटी बोलल्या.

"नायट्रोजन संपल्यावरचा फॉस्फरस दाखव."

घेतला नव्हता.

"मग पेप्टाइड उभं राहिलं की पटल कोसळलं, हे तू कशावरून सांगतेस?"

उत्तर नव्हतं. नमुना अजून प्रोबमध्येच होता, कारण शनिवार-रविवारी कुणाचा नंबर नव्हता. तिथून तडक निघाले. रिक्षानं बाणेर रस्ता पकडला आणि सगळ्या सिग्नलला थांबत पाषाणला पोचले.

२१ मे

फॉस्फरस घेतला. २९ वरची रेष बसकी आणि रुंद झाली आहे. उणे १५ वरचा उंचवटा जवळजवळ तिच्या तोडीला आलाय.

थप्पी काढून वजन केलं. नऊ मिलिग्रॅम कमी. ५ तारखेचा आकडा वहीत होता म्हणून कळलं. वीस मिलिग्रॅम पाण्यातलं जवळजवळ निम्मं गेलं.

कारण समोरच होतं. नमुन्याचं तापमान ३७ वर राखण्यासाठी त्याच्यावरून कोरडी हवा सतत वाहते. चव्वेचाळीस तास. वर दर चार सेकंदांनी रेडिओलहरींचा मारा, त्याची थोडी ऊब. मी गुंडाळलेला पॉलिथिनचा कागद कडांवर नुसता दुमडलेला होता. एप्रिलमध्ये खोलीतल्या हवेनं जे दहा मिनिटांत केलं तेच या हवेनं दोन दिवसांत, आतून केलं.

पाणी कमी झालं की लिपिडची डोकी एकमेकांत अडकतात, थर वाकतात, पेप्टाइड जिथं असेल तिथं थिजतं. मग वेगवेगळ्या दिशांना तोंड करून थिजलेले रेणू रुंद उंचवटा देतात. तो उंचवटा 'उभ्या' मळसूत्राच्या जागेवर पडला एवढंच. उभं मळसूत्र नव्हतंच कदाचित.

ग्रुपला मेल केली : कालची स्लाइड मागे घेत आहे, कारण असं असं. लिहायला पाच मिनिटं लागली, पाठवायला एक तास. पण ती स्लाइड कुणाच्या डोक्यात राहून कुठं दुसरीकडे बोलली गेली असती तर मला ते सहन झालं नसतं.

३ जून

सील करण्याचा प्रश्न. पॅराफिल्म ३७ अंशांना मऊ पडते. इपॉक्सीतून निघणाऱ्या वाफा लिपिडमध्ये जातील अशी भीती. काचेची चौकोनी नळी प्रोबच्या कॉइलमध्ये बसत नाही.

काकांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घरून पिशवीतून एक छोटं सीलिंग मशीन घेऊन आले. त्यांच्या घरी भाजणी आणि मेतकूट विकतात, पाकिटं त्यावर बंद होतात. "हवा लागली तर मेतकूट चार दिवसांत मऊ पडतं. गिऱ्हाईक परत आणून देतं. आमचं पाकीट कुणी परत आणलेलं नाही." कागद किती जाड हवा, उष्णता किती वेळ द्यायची, दुहेरी सील किती अंतरावर मारायचं, हे सगळं त्यांना बोटांनी माहीत होतं.

आधी चाचणी. पेप्टाइडशिवाय, नुसत्या लिपिडची भिजवलेली थप्पी, दोन पाकिटं एकात एक, प्रोबमध्ये दोन दिवस त्याच हवेत. वजनातला फरक ०.३ मिलिग्रॅम. तराजूच्या चुकीएवढा.

२० जून

दोन्ही पालख्या आज पुण्यात. फर्ग्युसन रस्ता बंद, पेठांमधल्या मुलामुलींना पाषाणला येता आलं नाही, त्यामुळे यंत्राचे पुढचे दोन दिवस रिकामे झाले. काकांनी फोन केला. मी सुतारवाडीत राहते, चालत पोचले. पाऊस भुरभुरत होता.

नवा नमुना, नवं पाकीट. वजन लिहिलं. फॉस्फरस घेतला : ३० वर टोकदार, उणे १५ ला जेमतेम पाच टक्के. मग नायट्रोजन लावला.

काकांची आई देहूपासून चालत आलीय, मुक्कामाच्या ठिकाणी तिला भेटायला ते गेले. जाताना द्रव नायट्रोजनची पातळी दोनदा तपासून गेले.

२३ जून

७९ वर रेष. एकच. १५० च्या पुढे काही नाही, सपाट.

लगेच फॉस्फरस. २० तारखेच्या स्पेक्ट्रमवर ठेवून बघितला तर दोन्ही एकमेकांवर झाकले गेले. वजन : अर्ध्या मिलिग्रॅमचाही फरक नाही.

तर पेप्टाइड आडवं आहे. मळसूत्र पटलाच्या पृष्ठभागाला समांतर पडलंय, तेलकट अंग आत, लायसिन बाहेर पाण्याकडे. बेशिंगर, झासलॉफ आणि ओपेला यांनी १९९३ मध्ये याच पद्धतीनं हेच दाखवलं होतं. नवीन काही नाही. तरी आज मला जो आनंद झाला तो १६ मेच्या आनंदापेक्षा मोठा आहे, कारण यावेळी पटलानं आधी आणि नंतर दोन्हीदा साक्ष दिली आहे.

४ जुलै

आज थप्पी ९० अंशांत वळवली. आता पटलाची लंबरेषा क्षेत्राला आडवी.

हे का करायचं ते इथं नीट लिहून ठेवते, कारण पुस्तकांमध्ये एका ओळीत उरकतात. पेप्टाइड पटलात आडवं पडून तिथल्या तिथे भिरभिरत असेल, म्हणजे पटलाच्या लंबरेषेभोवती वेगानं फिरत असेल, तर थप्पी वळवल्यावर रेष हरवत नाही, फक्त सरकते. कुठं सरकेल तेही आधीच काढता येतं. सगळ्या दिशांची सरासरी शिफ्ट ११९ धरली तर तिच्या तिपटीतून ७९ वजा करून निम्मं करायचं : १३९. पण पेप्टाइड थिजलेलं असेल, एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले असतील, तर लंबरेषेभोवती जितक्या दिशा तितक्या शिफ्ट, आणि ७९ ची सुबक रेष फुटून विस्कटते. फॉस्फरसचं तसंच : ३० ची रेष उणे १५ वर जायला हवी, कारण तिथं सरासरी शून्याजवळ आहे.

फॉस्फरस : उणे १५. लिपिड फिरतंय, त्यात शंका नव्हतीच.

नायट्रोजन : १३७, आधीपेक्षा रुंद, पण एकच.

म्हणजे पेप्टाइड सुटं आहे, फिरतंय. मे महिन्यातल्या कोरड्या नमुन्याला हीच चाचणी लावली असती तर तो तिथल्या तिथे पकडला गेला असता. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या वेळी तुला माझी गरज नाही." मी काही बोलले नाही, पण दिवसभर ते वाक्य बरोबर होतं.

२२ जुलै

एकट्या नायट्रोजनवरून 'आडवं' एवढं कळतं. मळसूत्र आपल्या अक्षाभोवती किती अंशांत वळलंय, कुठलं अंग खाली आहे, हे कळायला दुसरी खूण हवी. नवं पेप्टाइड : ९ व्या जागेवरच्या अ‍ॅलनिनच्या मिथाइल गटात तीन ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन. त्याच्या दोन रेषांमधलं अंतर मिथाइलचा बंध क्षेत्राशी किती कोन करतो ते सांगतं.

पहिला स्पेक्ट्रम : मधोमध एक प्रचंड उंच शिखर आणि बाकी काहीच नाही. पाणी! साध्या पाण्यात सुमारे ०.०१५ टक्के ड्युटेरियम असतंच, आणि पाण्याचे रेणू पेप्टाइडपेक्षा कितीतरी जास्त. ड्युटेरियम काढून टाकलेलं पाणी मागवलं होतं, पण बरणीतलं द्रावण मात्र नळाच्या शुद्ध केलेल्या पाण्यात होतं. काचांनी हवेतून तेच शोषलं. दहा दिवस गेले. बरणीतलं द्रावणही त्या खास पाण्यात करायचं, हे लाल शाईनं.

८ ऑगस्ट

ड्युटेरियम मिळाला. मधलं शिखर आता छोटं, दोन्ही बाजूंना दोन रेषा, अंतर १७ किलोहर्ट्झ.

अडचण अशी की अंतराला चिन्ह नसतं. अधिक १७ की उणे १७, स्पेक्ट्रम सांगत नाही. त्यामुळे कल आणि वळण यांच्या जोड्यांचा नकाशा काढला तर १७ चे दोन-दोन वळसे घेतलेले वक्र मिळतात. त्यावर ७९ पीपीएमचा वक्र टाकला. ते चार ठिकाणी छेदतात. दोन ठिकाणी लायसिन तेलात बुडतात, ते बाद. उरलेल्या दोनांत मळसूत्राचा कल लंबरेषेपासून ८० अंशांच्या पुढे. दोघांतलं एक निवडायला तिसरी खूण लागेल. आज निवडणार नाही.

१९ ऑगस्ट

प्रमाण वाढवलं, वीस लिपिडमागे एक. फॉस्फरसमध्ये शून्याजवळ नवा उंचवटा, उणे १५ चा भागही वाढलाय. वजन जागच्या जागी आहे, म्हणजे यावेळी पाण्याचा दोष नाही. पटल खरंच विस्कटतंय.

ज्युनियर म्हणाला, छिद्रं? शून्यावरचं शिखर छिद्राच्या वाकलेल्या कडेतून येऊ शकतं, सुट्या छोट्या गोळ्यांतूनही येऊ शकतं, दोन्हींत फिरणाऱ्या लिपिडचा सिग्नल सारखाच दिसतो. नोंद अशी केली : 'रचना बिघडते, प्रकार ठरलेला नाही.' नायट्रोजन लावला नाही. एक तृतीयांश पटल जागेवर नसताना पेप्टाइडची दिशा विचारण्यात अर्थ नाही.

२ सप्टेंबर

गणपतीमुळे आठवडा तुटक. सात दिवसांच्या गौरी-गणपतीसाठी ज्युनियर गावी गेलाय, तो यायच्या आत प्रोबच्या टेबलावर तक्ता चिकटवला. पाच रकाने : आधीचं वजन, आधीचा फॉस्फरस, मोजणी, नंतरचा फॉस्फरस, नंतरचं वजन. पाचही भरल्याशिवाय नमुना फेकायचा नाही.

पीईची तयारी सुरू. पीईतलं आम्ही घेतलेलं पीओपीई २५ अंशांच्या खाली गोठल्यासारखं होतं, म्हणून फिल्म पसरवणं, भिजवणं, मोजणं सगळं त्याच्या वर करायला लागेल. बरणी ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये हलवली. पोटॅशियम नायट्रेटची आर्द्रता त्या तापमानाला थोडी खाली येते, म्हणून यावेळी पोटॅशियम सल्फेट. काकांकडून पाकिटांसाठी थोडा जाड कागद आणायचा आहे.